राऊटर घेताय? आधी तो राहणार कुठे ते ठरवा

लाकूडकामाचा नाद लागलेल्या माणसाने ड्रिल घेतलं, जिगसॉ घेतली, सँडर घेतला की पुढचा नंबर राऊटरचा लागतो, आणि गाडी तिथे अडते. कारण बाजारात दोन-तीन हजारांच्या मशीनलाही राऊटरच म्हणतात आणि त्याच्या दसपट किमतीच्या मशीनलाही राऊटरच. मग सुरू होतं वॅटचं गणित. हा ५५० चा, तो ७१०, तो १६००, तो २१००, आणि माणूस विचारतो, "कुठला घेऊ?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, की तो तुमच्या हातात राहणार की टेबलाखाली लटकणार? याचं उत्तर आलं की निम्मी मशीनं आपोआप यादीतून बाद होतात. हातात छान वाटणारा राऊटर टेबलाखाली डोकेदुखी होऊ शकतो, आणि टेबलाखाली राजा असलेला हातात धरला तर दहा मिनिटांत खांदे भरून येतात.

ज्यांनी अजून वापरलाच नाहीये त्यांच्यासाठी पटकन सांगतो. राऊटर म्हणजे एक जोरात फिरणारी मोटर, तिच्या टोकाला कॉलेट (आवळल्यावर घट्ट पकडणारी चिरलेली नळी), कॉलेटमध्ये बिट, म्हणजे लाकूड कापणारं धारदार पातं. बास, एवढंच. हातात धरून चालवला तर लाकूड स्थिर आणि मशीन फिरतं, टेबलात उलटा लावला तर मशीन स्थिर आणि लाकूड सरकतं. आता २० मिमी रुंदीच्या पट्टीला गोलाई मारायची असेल तर त्या पट्टीवर राऊटरचा बेस ठेवायचा कुठे? टेकायलाच जागा नाही, मशीन डुगडुगणार. फोटो फ्रेमच्या पट्ट्या, छोटे डबे, ड्रॉवरच्या बाजू, खेळण्यातले तुकडे, ही सगळी कामं टेबलावर सोपी. आणि सहा फुटी टेबलटॉपच्या कडा, दाराला बिजागरीची खाच, जागेवर बसवलेल्या कपाटाची लिपिंग (कडेला चिकटवलेली लाकडी पट्टी), ही कामं हातातच. तो टॉप उचलून राऊटर टेबलावर कोण नाचवणार!

आपल्याकडे सुतारांच्या हातात दिसतो तो ट्रिमर. सनमायकाची वाढीव कड उडवायला घेतलेला, एका मुठीत मावणारा. बॉशचा जीकेएफ ५५० घ्या, ५५० वॅट, ३३,००० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), स्पीड कमीजास्त करायची सोय नाही. सनमायका आणि छोट्या गोलाईला झकास. मकिताचा आरटी ०७०० सी ७१० वॅटचा आहे आणि त्याला १०,००० ते ३०,००० पर्यंत स्पीड बदलता येतो. माझ्या मते हौशी माणसाने पहिलं मशीन घ्यायचं ते याच जातीचं, म्हणजे सातशे वॅटच्या आसपासचा आणि स्पीड कंट्रोल असलेला ट्रिमर, कंपनी कुठलीही असो जिचे कार्बन ब्रश आणि कॉलेट तुमच्या गावात मिळतात. कारण पुढेमागे टेबलासाठी मोठं मशीन घेतलं तरी हा ट्रिमर वाया जात नाही, उलट तोच जास्त वापरला जातो. मोठा राऊटर घेऊन नंतर ट्रिमर घेणारे पुष्कळ पाहिलेत. ट्रिमर विकून टाकणारा अजून तरी भेटलेला नाही.

बिननावाचे स्वस्त ट्रिमर चालतात का? चालतात, पण दुकानात कॉलेटमध्ये बिट लावून, प्लग काढलेला असताना बिट हाताने फिरवून बघा. बिटचं टोक गोल फिरताना जरा जरी डुलताना दिसलं तर ते मशीन तिथेच ठेवा. मोटर साधी असली तरी चालून जातं, पण डुलणारं कॉलेट काही केल्या सुधारत नाही, खाच रुंद येते, कड जळते, बेअरिंग लवकर जातात आणि हाताला मुंग्या येतात ते वेगळंच.

आता कॉलेटवर आलोच आहोत तर इथे जरा थांबू, कारण आपल्याकडे खरा घोळ इथेच आहे. बिटच्या दांड्याला आपण शँक म्हणतो, आणि बाजारात ६ मिमी, पाव इंच, ८ मिमी, १२ मिमी, अर्धा इंच असे सगळे शँक एकाच काउंटरवर पडलेले असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. दुकानदार म्हणतो "सहाचाच आहे साहेब, बसतो." बसतो, मान्य. ६ मिमीचा दांडा ६.३५ च्या कॉलेटमध्ये बसतोही आणि पाना जोर लावून आवळला तर घट्ट झाल्यासारखंही वाटतं, पण कॉलेटची पकड दांड्याला सगळीकडून सारखी मिळत नाही, आणि काम चालू असताना बिट हळूहळू वर सरकत येतो किंवा निसटतो. मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेऱ्या मारणारी कार्बाइडची धार निसटून कुठे जाईल हे सांगता येत नाही. त्यामुळे व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) खिशात ठेवा. साधा शेदोनशेचा प्लास्टिकचा असला तरी चालेल, दांडा मोजूनच पैसे द्या. उलट्या बाजूने १२ च्या कॉलेटमध्ये १२.७ जातच नाही, तिथे निदान फसवणूक होत नाही.

आणि मग मोठा प्रश्न, पाव इंच की अर्धा इंच? व्यास दुप्पट झाला की दांड्याचा वाकायला होणारा विरोध सोळापट होतो, हे इंजिनियरिंग केलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी विश्वास ठेवा. पाव इंची दांड्यावर लांब बिट लावून सागात खोल खाच मारायला गेलात की बिट थरथरतो, खाचेच्या भिंतीवर रेघारेघा उमटतात, नाहीतर दांडाच मोडतो. अर्धा इंची दांड्यावर तेच काम लोण्यासारखं होतं. म्हणून टेबलाखाली जे मशीन कायमचं जाणार आहे ते अर्ध्या इंचाचं कॉलेट घेणारं असावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यात रिड्यूसर स्लीव्ह (भोक लहान करणारी नळी) घालून पाव इंचाचे जुने बिटही चालवता येतात. स्लीव्हपेक्षा पाव इंचाचं वेगळं कॉलेट मिळत असेल तर तेच घ्या. बॉश, मकिता, हायकोकी (२०१८ पर्यंत हिताची नावाने यायचे ते) यांच्या मोठ्या मशीनना कॉलेट सुटी मिळतात, पण तुमच्या मॉडेलला इंच मिळतं की मिलिमीटर ते आधी विचारून घ्या, नाहीतर १२ मिमीचं मशीन आणि अर्ध्या इंचाचे बिट असा संसार होतो. सगळे बिट कुठल्या मापात घ्यायचे ते एकदाच ठरवा आणि मग त्या मापाला चिकटून राहा. मी इंचवाला आहे, कारण मला हवे तसे बिट त्या मापात जास्त मिळतात.

वॅटवर भांडणाऱ्यांनी स्पीडकडे बघायला हवं. हिशोब सोपा आहे, बिट जेवढा जाड तेवढी त्याच्या कडेची धार जास्त वेगाने पळते. १२ मिमीचा सरळ बिट २२,००० वर फिरत असेल तर त्याची धार ताशी ५० किलोमीटरच्या आसपास पळते. पॅनेलच्या दाराचे पॅनेल उतरते करायला ८० मिमी व्यासाचा बिट येतो, तो त्याच २२,००० वर लावला तर धार ताशी ३३० किलोमीटरच्या घरात जाते! लाकूड जळतं, मशीन थरथरतं, आणि बिटवरचं कार्बाइडचं पातं उडालं तर विषयच संपला. हाच बिट १०,००० वर चालवला तर वेग दीडशेवर येतो. साधा अंदाज म्हणजे २५ मिमीपर्यंतचे बिट पूर्ण स्पीडवर, ५० मिमीपर्यंतचे १६ ते १८ हजारावर, त्याहून मोठे १२ हजार किंवा त्याखाली. बिटच्या पाकिटावर जास्तीत जास्त आरपीएम लिहिलेला असतो, त्याच्या वर कधीच जायचं नाही. म्हणून मकिताचा जुना ३६१२, जो सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये अजूनही राबताना दिसतो, ताकदीला तोड नाही पण तो २२,००० वरच फिरतो, मोठे बिट त्यात लावता येत नाहीत. टेबलासाठी त्यापेक्षा त्याच कंपनीचा आरपी २३०१ एफसी, २१०० वॅट, ९,००० ते २२,०००, किंवा बॉशचा जीओएफ १६०० सीई, १६०० वॅट, १०,००० ते २५,०००, किंवा हिताचीचा एम १२ व्ही २, २००० वॅट, ८,००० ते २२,०००, असं स्पीड बदलणारं मशीन हवं. हे चांगले, ते वाईट असं नाही म्हणत मी, या जातीचं घ्या एवढंच.

बरं, एवढं वजनदार मशीन टेबलाखाली उलटं टांगलं. आता बिटची उंची अर्धा मिमी वाढवायची आहे. कशी वाढवणार?

हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही आणि टेबलाचं सगळं सुखदुःख याच्यावर आहे. प्लंज राऊटरला, म्हणजे ज्याची मोटर दाबून खाली नेता येते त्याला, दोन खांब असतात आणि त्यात स्प्रिंग असतात, हातात धरून काम करताना त्या स्प्रिंग मशीन वर उचलून धरतात. उलटं टांगल्यावर त्याच स्प्रिंग मशीनला टेबलापासून खाली ढकलत राहतात, वर मशीनचं स्वतःचं सहा किलो वजनही खालीच ओढतंय. म्हणजे उंची वाढवायची तर तुम्ही टेबलाखाली वाकून, मान तिरकी करून, एका हाताने मशीन वर रेटायचं, दुसऱ्या हाताने लॉकचा दांडा आवळायचा, आणि तिसऱ्या हाताने स्केल धरायची. अर्धा मिमी वाढवायला गेलात तर दोन मिमी वाढतं. यावर उपाय चार. एक म्हणजे स्प्रिंग काढून टाकणं, बऱ्याच मशीनच्या खांबाच्या स्प्रिंग काढता येतात, पण मग ते मशीन हातात वापरायला निकामी, आणि काढताना ती स्प्रिंग सुटून तोंडावर यायची शक्यता असते म्हणून चष्मा घालूनच. दुसरा उपाय आपल्या मातीतला, गाडीचा कात्री जॅक मशीनच्या बुडाखाली ठेवायचा आणि हँडल फिरवून उंची करायची. हसू नका, मस्त चालतो, फक्त जॅक टेबलाच्या खालच्या फळीला पक्का बोल्ट केलेला पाहिजे, मशीनच्या बुडावर मोटरची हवा घ्यायची भोकं असतील तर ती झाकली जाणार नाहीत असं मधे लाकडाचं रिंगण द्यायचं, आणि उंची झाल्यावर प्लंजचा लॉक न विसरता आवळायचा. जॅक हा फक्त उचलायला आहे, धरून ठेवायला नाही.

तिसरा म्हणजे ज्या मशीनला टेबलाच्या वरूनच पाना घालून उंची बदलायची सोय आहे असं मशीन घेणं. ट्रायटनचा टीआरए ००१ याच गोष्टीसाठी जगभर नावाजलेला आहे, वरून हँडल घालून उंची होते, आणि पूर्ण वर आणल्यावर शाफ्ट आपोआप लॉक होतो म्हणजे बिट बदलायला एकच पाना लागतो. काही कंपन्यांच्या फिक्स बेसलाही (ज्यात मोटर दाबून वरखाली होत नाही) वरून अ‍ॅलन की लावायला भोक असतं. चौथा उपाय म्हणजे राऊटर लिफ्ट, मोटर घट्ट पकडणारी, स्क्रूवर वरखाली होणारी तयार जोडणी. सुंदर वस्तू आहे, किंमतही सुंदर असते, अमेरिकन लिफ्ट मागवली तर ड्युटी धरून ती राऊटरपेक्षा महाग पडू शकते. सध्या चिनी लिफ्टही ऑनलाइन मिळतात, त्यात तुमच्या मोटरचा व्यास जुळतो का एवढं बघा, बहुतेक लिफ्ट गोल, गुळगुळीत बॉडीच्या मोटरसाठी असतात आणि प्लंज राऊटरची मोटर त्याच्या खांबांपासून अशी सुटी होत नाही. हे न बघता लिफ्ट मागवली तर ती शोभेला.

माझा सल्ला विचाराल तर बजेट कमी असेल तर ट्रिमरसाठीच छोटं टेबल करा. आरटी ०७०० च्या अंगाची मोटर गोल असते, बेसमधून सरळ निघते, आणि अशा ६५ मिमी व्यासाच्या मोटरसाठी बनवलेल्या छोट्या लिफ्ट आणि अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेट ऑनलाइन बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. फोटो फ्रेम, डबे, छोटी खाच, गोलाई, सगळं होतं. एका वेळी २-३ मिमीच खोल जायचं, घाई करायची नाही, बस्स. पॅनेलची दारं आणि मोठी मोल्डिंग करायची खाज सुटली की मग मोठ्या मशीनचं बघा.

दुकानात अजून एक तपासा, स्विच. काही मशीनचा स्विच बोट दाबून ठेवेपर्यंतच चालतो, लॉक होत नाही. हातात ठीक आहे, टेबलाखाली तो कसा दाबून ठेवणार? लोक त्याला टेप गुंडाळतात, ते करू नका. लॉक होणारं मशीन घ्या आणि टेबलाच्या पुढच्या पायाला एक वेगळा स्विच बसवा, शक्यतो एनव्हीआर प्रकारचा, म्हणजे लाईट गेली आणि परत आली तर मशीन आपणहून सुरू होत नाही. आपल्याकडे लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा काय भरवसा, आणि नेमकी तेव्हा तुमची बोटं बिटजवळ असतील तर? लाल बटण मोठं आणि गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर असलं की दोन्ही हात लाकडावरच राहतात.

आता टेबल. तयार टेबल मिळतात, पत्र्याचे पाय आणि वर एमडीएफ, सुरुवातीला सरळ असतात आणि मोठ्या मशीनच्या वजनाने मधून हळूहळू खाली बसतात. मला विचाराल तर टेबल घरीच करा, कारण यात अवघड असं काहीच नाही, फक्त सपाट पाहिजे. १८ मिमी प्लायचे दोन थर फेविकॉलने चिकटवा, आणि सनमायका वरही लावा आणि खालीही. खालून कोण बघणार म्हणून तिथे वाचवू नका. एकाच बाजूला सनमायका लावली की दुसऱ्या बाजूने प्लाय हवेतली ओल ओढतो आणि टॉप वाकतो, पावसाळ्यात तर हमखास. कोकणात राहत असाल तर एमडीएफच्या वाटेला जाऊच नका किंवा सगळ्या कडा, कापलेल्या भोकाच्या आतल्या कडासुद्धा, पॉलिशने किंवा पातळ फेविकॉलने बंद करा. एमडीएफने एकदा पाणी प्यायलं की ते पावासारखं फुगतं आणि परत बसत नाही. टॉप साधारण दोन फूट बाय तीन फूट पुरतो, उंची कमरेच्या जरा वर, ८५ ते ९० सेमी. खाली दोन आडव्या फळ्या उभ्या कडेवर लावा म्हणजे टॉप झुकणार नाही. सपाटी बघायला अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाईप विकत घ्या, तो टॉपवर तिरपा ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. मधे खड्डा असण्यापेक्षा मधे केसभर उंचवटा असलेला बरा, खड्डा असला की लाकूड बिटवरून जाताना खोली बदलते आणि तुम्ही मशीनला शिव्या देत बसता.

राऊटर ज्याला टांगतात ती टॉपमध्ये बसणारी प्लेट हवीच का? नाही. टॉपच्या खालून जागा कोरून राऊटरचा बेस थेट टॉपलाच बोल्ट केला तरी काम होतं, फक्त बिट बदलायला दरवेळी वाकावं लागतं. प्लेट असली की राऊटरसकट उचलून वर काढता येतं, हा खरा फायदा. ८ ते १० मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट उत्तम. भोसरी किंवा तुमच्या गावच्या एमआयडीसीत कुठलाही मशीनशॉपवाला राऊटरचा बेस समोर ठेवला की भोकं पाडून देतो. अ‍ॅनोडाइज केलेली नसेल तर उघडं अ‍ॅल्युमिनियम फिक्या लाकडावर काळे डाग सोडतं, तेव्हा वरून मेण घासत जा. अ‍ॅक्रेलिकची प्लेट दिसायला भारी, पण जड मशीनखाली कालांतराने लवते. प्लेट टॉपशी एकपातळी करायला खाचेच्या चार कोपऱ्यांत खालून चार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) द्या आणि कार्ड सरकवून बघत बघत पातळी जुळवा. लाकूड ज्या बाजूने येतं तिकडची प्लेट टॉपपेक्षा वर असली तर लाकूड अडतं, म्हणून चुकलीच तर त्या बाजूला केसभर खाली चालेल.

फेन्सवर, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरकवायचं त्या टेबलावरच्या उभ्या पट्टीवर, लोक फार पैसे घालतात. मापाच्या पट्ट्या, रॅक, स्क्रू, काय नि काय. टेबल सॉच्या (टेबलातल्या गोल करवतीच्या) फेन्सला पात्याशी समांतर असावंच लागतं, राऊटरला ती भानगडच नाही, बिट गोल आहे! फेन्स टेबलावर तिरकी बसली तरी बिटपासूनचं अंतर तेवढंच राहतं. त्यामुळे सगळ्यात स्वस्त आणि चांगली फेन्स म्हणजे गुण्यात (काटकोनात) केलेली प्लायची एल आकाराची पट्टी, एका टोकाला एकच बोल्ट, दुसऱ्या टोकाला शिकंजा. आणि यात एक गंमत आहे, बिट जर बोल्ट आणि शिकंज्याच्या बरोबर मधे असेल तर मोकळं टोक एक मिमी सरकवलं की बिटपाशी फेन्स अर्धाच मिमी सरकते. महागड्या मायक्रो अ‍ॅडजस्टमेंटचं काम फुकटात. फेन्सच्या मधे बिटसाठी खिडकी ठेवा, मागे व्हॅक्यूमचा पाईप बसेल असं खोकं करा, नाहीतर भुसा सगळा मोटरच्या तोंडात.

फेन्सच्या पुढच्या तोंडाला दोन सुट्या फळ्या लावल्या तर अजून एक काम साधतं. डावीकडच्या फळीच्या मागे सनमायकाचा एक मिमीचा तुकडा घाला, सरळ बिटची धार त्या डाव्या फळीशी सरळ रेषेत आणा, आणि उजवीकडून लाकूड सरकवत न्या. एक मिमी कड उडते आणि लाकूड डावीकडच्या पुढे आलेल्या फळीवर टेकत जातं. झाला जॉइंटर, म्हणजे कड सरळ करायचं मशीन! फळ्या जोडून टॉप करताना ज्या कडा रंधा मारून जुळत नाहीत त्या अशा जुळतात. बिट लाकडाच्या जाडीपेक्षा उंच पाहिजे एवढीच अट, आणि इथे परत तो अर्धा इंची दांडाच कामाला येतो.

लाकूड कुठून कुठे सरकवायचं हे पाठच करा. फेन्सला टेकवून काम करताना उजवीकडून डावीकडे. उलटं टांगल्यामुळे वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे तुमच्याकडची धार डावीकडून उजवीकडे पळते, आणि लाकूड तिच्या समोरून आलं तरच ते तुमच्या ताब्यात राहतं. उलट दिशेने नेलंत तर बिट लाकूड हिसकावून घेतो आणि मागोमाग हात पुढे जातो. आणि पट्टी फेन्स आणि बिटच्या मधून कधीही घालायची नाही, तिथे धार सरकवायच्या दिशेलाच पळत असते, पट्टी बाणासारखी सुटते. गोल किंवा वाकड्या तुकड्याला बेअरिंगच्या बिटने गोलाई मारताना फेन्स नसते, तेव्हा बिटच्या उजवीकडे प्लेटमध्ये एक खुंटी बसवतात, लाकूड आधी खुंटीला टेकवायचं आणि मग हळूच बिटवर न्यायचं. हातात राऊटर असताना दिशा वेगळी, फळीच्या बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट, चौकटीच्या आतल्या कडेने घड्याळाप्रमाणे.

हातमोजे नको. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातलं काही, नकोच. छोटा तुकडा कापायचा असेल तर मोठ्या फळीला आधी प्रोफाइल मारा आणि मग तुकडा करवतीने वेगळा करा. बिट कॉलेटमध्ये पार तळाला टेकवू नका, टेकवून दोन-तीन मिमी बाहेर ओढा आणि मग आवळा, नाहीतर कॉलेट नीट पकडतच नाही. बिट बदलताना प्लग काढलेला, आणि काढलेला प्लग डोळ्यासमोर.

विजेचं. घरातला साधा लहान सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे फार तर तेराचौदाशे वॅट. ट्रिमर निवांत चालतो. २००० वॅटचं मशीन पावणेनऊ अँपिअर घेतं, त्याला गिझरसारखा १६ अँपिअरचा पॉइंटच लागतो, आणि सॉफ्ट स्टार्ट (मोटर हळूहळू वेग घेते ती सोय) नसेल तर सुरू होतानाच्या झटक्याने एमसीबी पडू शकतो. मोबाइल चार्जरवाल्या एक्स्टेन्शनवर मोठा राऊटर लावू नका, वायर गरम होते. सॉफ्ट स्टार्टचा दुसरा फायदा हा की मशीन हातात असताना मनगटाला झटका बसत नाही.

आवाज आणि धूळ यावर फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी पाळत नाही. कानाला मफ लावा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अधिकृत वर्गीकरण केलंय, तेव्हा रुमाल बांधून भागत नाही, एन ९५ मास्क घाला. सोसायटीत राहत असाल तर दुपारी एक ते चार मशीन बंद, पुण्यात तर हा नियम सांगायचीही गरज नाही.

राहिले बिट. मोठे साठ-सत्तर बिटचे लाकडी पेटीतले संच बघून भुलू नका, त्यातले चार-पाचच वापरले जातात आणि बाकीचे पेटीत छान दिसतात. त्या पैशात चार चांगले घ्या, १२ मिमीचा सरळ, ६ मिमीचा सरळ, बेअरिंगवाला फ्लश ट्रिम (वाढीव कड बरोबर सपाट करणारा), आणि बेअरिंगवाली ६ मिमी त्रिज्येची गोलाई. पाचवा घ्यायचा तर ४५ अंशाचा चँफर (कडेला तिरका उतार देणारा). खाचेच्या बिटचं माप प्लायच्या मापाशी जुळेल या भ्रमात राहू नका, १८ चा म्हणून घेतलेला प्लाय मोजला की बहुतेकदा १७ आणि काहीतरी भरतो, आणि पाऊण इंची बिट १९.०५ ची खाच पाडतो, शेल्फ त्यात लटपटतं. १२ मिमीचा बिट घेऊन दोन फेऱ्यांत खाच करा, पहिल्या फेरीनंतर फेन्स सरकवून, त्याच प्लायचा तुकडा घट्ट बसेपर्यंत. साग जास्त वापरत असाल तर धार लवकर जाणार हे धरून चाला, सागात सिलिका असते आणि ती कार्बाइडलाही खाते. कडा जळायला लागल्या की आधी बिटवर साचलेला राळेचा थर रॉकेल किंवा थिनरने ब्रश मारून साफ करा, बऱ्याचदा बिट बोथट नसतो, नुसता घाण झालेला असतो. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, दोन्हीकडे सुटे बिट मिळतात, जाताना व्हर्नियर न्या, आणि शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, दुकानदाराला बोलायलाही वेळ नसतो.